सांगलीत परक्या मुलखातला नृत्य-नाट्यसंघ बोलवताना

१८४२ साली कर्नाटकातली एक भागवत मंडळी सांगलीत आली आणि खेळ करून गेली. तो पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना आपल्या भाषेत असं काही करायला सांगितलं, आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीतास्वयंवर’ झालं. ती तारीख आपण रंगभूमी दिन म्हणून साजरी करतो. आदल्या वर्षी येऊन गेलेल्या पाहुण्यांचं नाव मात्र सहसा कुणी काढत नाही. महोत्सव भरवायला निघालेल्यांनी ते जरूर काढावं. पाहुण्यांनी आपलं दाखवलं, इथल्या माणसाने त्याला इथलं उत्तर दिलं. देवाणघेवाण म्हणजे एवढंच, आणि बहुतेक नवे महोत्सव नेमके दुसऱ्या अर्ध्यात फसतात. संघ येतो, प्रयोग करतो, शाल-श्रीफळ घेतो आणि रात्रीच्या गाडीने जातो.

उत्तर कोण देणार, ते आधी

पाहुण्यांना पत्र लिहिण्याआधी इथला जोडीदार पक्का करा. हौशी नाट्यसंस्था, कॉलेजचा एकांकिकेचा गट, मिरजेतले वादक, कवलापूरच्या बाजूचे तमाशातले ढोलकीवाले, आटपाडी-जतकडची गजी (धनगरांचा ढोलावरचा नाच) करणारी मंडळी, यांपैकी कुणीही चालेल. त्यांना दोनच गोष्टी विचारा: पाहुण्यांसोबत पूर्ण पाच-सहा दिवस द्याल का, आणि नंतर तीन महिन्यांत तुमचं पंधरा-वीस मिनिटांचं काही उभं कराल का? दोन्हीला हो म्हणणारा जोडीदार मिळाला नाही तर त्या वर्षी महोत्सव करू नका, नुसता प्रयोग लावा. त्यात कमीपणा काही नाही, खर्चही निम्मा होतो.

इथल्या लोककलावंतांना स्वागताच्या वेळी पाच मिनिटं नाचायला लावून घरी पाठवणं ही वाईट सवय आहे. ते आले तर पाहुण्यांइतकेच दिवस आले पाहिजेत, आणि रोजचं मानधन दोघांना सारखं. गजीतला ढोलाचा ठेका आणि वर्तुळातली पावलं शिकवायला दोन तास पुरत नाहीत. पहिला दिवस तर ठेका कानात बसण्यातच जातो.

पहिल्या वर्षी एकच पाहुणा संघ, तोही सहा ते आठ जणांचा, सहा दिवस आणि दोन प्रयोग, यापुढे जाऊ नका. हा संघ समुद्रापलीकडचाच हवा असं नाही. जत तालुक्यात कन्नड घराघरांत आहे. कर्नाटकातल्या हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेचा ‘तिरुगाट’ हा फिरता संघ १९८५ पासून गावोगाव प्रयोग करतो. अशा शेजाऱ्याबरोबर पहिला सराव केला तर व्हिसाची भानगड नसते आणि बाकीच्या सगळ्या चुका कळून येतात.

परदेशी संघच हवा असेल तर आधीच भारतात येणारा धरा. दिल्लीचा भारत रंग महोत्सव, त्रिशूरचा आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सव, बंगळुरूतला अट्टक्कलरीचा द्वैवार्षिक नृत्यमहोत्सव यांना येणाऱ्या संघांचं विमानभाडं कुणीतरी भरलेलं असतं, आणि पुणे-बंगळुरू रेल्वेमार्गावर मिरज जंक्शन आहे. काही दिवस मधे थांबायला अनेक संघ तयार होतात. पुण्यातलं मॅक्स म्युलर भवन आणि आलियाँस फ्राँसेज (जर्मन आणि फ्रेंच सांस्कृतिक केंद्रं), तसंच भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद इथेही विचारणा करता येते. मात्र पत्रात ‘सहकार्य करावे’ एवढंच लिहू नका. तारीख, नाट्यगृहाची मापं, इथला जोडीदार आणि तुम्ही किती खर्च उचलणार हे चार आकडे-नावांसकट लिहा.

तारीख

जुलै-ऑगस्ट विसरा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी आणि फेऱ्या चालू असतात, त्यामुळे नाट्यगृह मिळत नाही आणि मिळालं तरी तुमचा हक्काचा प्रेक्षक नि कार्यकर्ता तिकडे अडकलेला असतो. फेब्रुवारीच्या मध्यानंतर परीक्षा. उरतो जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा. हवा कोरडी असते, रात्री गारठा असतो. त्रिशूर-दिल्लीचे महोत्सवही साधारण याच दिवसांत असतात.

नाट्यगृह तीन सत्रांसाठी नाही, सलग तीन दिवसांसाठी घ्या. भावे नाट्यमंदिर असो, दीनानाथ असो की मिरजेचं बालगंधर्व, सकाळी नऊला दार उघडून संध्याकाळी सहाला पडदा वर, ही आपल्या व्यावसायिक नाटकांची रीत समकालीन नृत्याला चालत नाही. नाचासाठी वेगळी जमीन अंथरणं, दिवे लावणं आणि प्रकाशासह तालीम यालाच दीड दिवस जातो.

पहिलं पत्र आणि कागद

साधारण आठ महिने आधी सुरुवात करा. संघाकडून ट्रेलर घेऊ नका. एका कॅमेऱ्याने लांबून केलेलं, मधे कुठेही न तोडलेलं पूर्ण चित्रीकरण मागा. ट्रेलरमध्ये सगळेच उडतात. शिवाय हे लेखी विचारा: माणसं किती, रंगमंच किमान किती बाय किती, प्रयोग किती मिनिटांचा, शब्द आहेत का, आग-पाणी-माती-धूर यांपैकी काय वापरता, अंगावर कपडे किती, सामानाचं वजन किती. कपड्यांचा प्रश्न लाजून टाळला जातो आणि मग रंगीत तालमीला समितीचे अध्यक्ष पहिल्या रांगेत येऊन बसतात. त्यापेक्षा आठ महिने आधी लाजलेलं बरं.

तांत्रिक मागण्यांचा कागद आला की त्यातल्या डाव्या-उजव्या बाजू आधी ठरवून घ्या. तिकडे डावी बाजू नटाची असते. आपल्याकडे काही जण प्रेक्षकातून पाहून डावी म्हणतात. सोपा उपाय म्हणजे दोन्ही विंगांना जागेचीच नावं द्यायची, ‘रंगपटाची बाजू’ आणि ‘पार्किंगची बाजू’. मग कुठल्याही भाषेत घोळ होत नाही.

तिकीट लावलेला प्रयोग टुरिस्ट व्हिसावर करायला लावू नका. कोणत्या प्रकारचा व्हिसा लागेल ते संघाने आपल्या देशातल्या भारतीय दूतावासाला लेखी विचारावं. तुमच्या निमंत्रणपत्रात पासपोर्टवर आहेत तशीच नावं, तारखा आणि मुक्कामाचा पत्ता हवा. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की हॉटेलने किंवा घरमालकाने २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. हॉटेलवाले याला ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखतात. कार्यकर्त्याच्या बंगल्यात हौसेने उतरवता तेव्हा हे काम त्या घरावर येतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

शब्द असलेल्या नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. ती परक्या भाषेत असेल तर भाषांतराचा वेळ आधीच धरा. मूळ लेखक हयात असेल किंवा जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर भाषांतराला लेखकाची, वारसांची किंवा प्रकाशकाची परवानगी लागते. उघड्या मैदानावर ध्वनिवर्धक रात्री १० ला बंद करायचा. बंदिस्त नाट्यगृहात ती अडचण नाही.

पैशांबाबत तीन गोष्टी माहीत असल्या पाहिजेत. नृत्य-नाट्याचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. परदेशी कलावंताला मानधन दिलं तर साधारणपणे २० टक्के आणि वर अधिभार एवढा कर आधी कापावा लागतो. हे संघाला करारातच सांगा, नाहीतर शेवटच्या दिवशी पाकीट हातात देताना वाद होतो. आणि परदेशी संस्थेचा निधी तुमच्या संस्थेच्या खात्यात घ्यायचा तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी हवी. नसेल तर तिकडच्या संस्थेने आपल्या कलावंतांचा प्रवासखर्च थेट त्यांनाच द्यावा, तुमच्याकडे पाठवूच नये. हे तिन्ही चार्टर्ड अकाउंटंटला दाखवून घ्या. संघ महागडी यंत्रं आणणार असेल तर तात्पुरत्या आयातीचं ‘कार्ने’ नावाचं पुस्तक असतं. ते संघाने आपल्या देशात काढायचं. मोठ्या पेट्या मुंबई-पुण्यापर्यंत विमानाने आणि पुढे टेम्पोने आणवा.

जमीन

नव्या आयोजकाला सगळ्यात कमी माहीत असलेली आणि नर्तकाला सगळ्यात आधी जाणवणारी गोष्ट ही. आपली नाट्यगृहं शब्दांसाठी बांधलेली आहेत. सोफा ठेवला, दाराची चौकट उभी केली की काम झालं. समकालीन नर्तक पाठीवर पडतो, गुडघ्यावर घसरतो, उडी मारून एका पायावर उतरतो. काँक्रीटवर किंवा शहाबादी फरशीवर दोन तास तालीम झाली की नडग्या आणि गुडघे बोलायला लागतात, आणि दुसऱ्या दिवशीचा प्रयोग अर्ध्या ताकदीने होतो.

रंगमंचावर जाऊन टाचेने ठोका. पोकळ आवाज आला तर फळ्यांखाली सोट आहेत, जमीन थोडी झुलते. बद्द आवाज आला तर लाकूड थेट काँक्रीटवर बसवलं आहे. दुसरा प्रकार असेल, किंवा कॉलेजचा हॉल असेल, तर जमीन बांधावी लागते.

३२ फूट रुंद आणि २४ फूट खोल जागेचा हिशेब असा. ८ बाय ४ फुटांची, १२ मिलिमीटर जाडीची प्लायवुड शीट एका थराला २४ लागतात, दोन थरांना ४८. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर यायला नकोत, म्हणून वरची काही शीट अर्ध्यात कापावी लागतात. खालच्या प्रत्येक शीटला खालून फुटाफुटावर ४ इंच चौकोनी, १ इंच जाड घट्ट फोमचे तुकडे चिकटवा. एका शीटला ३२, एकूण ७६८. फोम व्यायामाच्या चटईच्या जातीचा हवा. गादीचा फोम वापरला तर माणूस उभा राहताच तो तळाला टेकतो आणि सगळी मेहनत वाया जाते. खालच्या शीटमध्ये २-३ मिलिमीटर फट ठेवा. वरचा थर फुटाफुटावर स्क्रूने धरा. दोन थरांची जाडी २४ मिलिमीटर, तेव्हा स्क्रू २० मिलिमीटरचा. मोठा घेतला तर टोक खाली फोममध्ये घुसतं आणि कुरकुर सुरू होते. स्क्रूची डोकी लाकडात बुडाली पाहिजेत. खिळे अजिबात नकोत, ते झुलणाऱ्या जमिनीत हळूहळू वर येतात. शेवटी अनवाणी चालून नाही, पातळ कापड ओढून तपासा. कापड जिथे अडकेल तिथे पाय फाटेल.

त्यावर नाचाची व्हिनाइल चटई. ती पुण्या-मुंबईतून भाड्याने मिळते. रोल दीड मीटर रुंद असेल तर १० मीटरचे ५ रोल लागतात. रात्री उलगडून नुसते पसरून ठेवा, सकाळी सपाट झाल्यावर टेप लावा. आल्या आल्या टेप मारली तर दुपारी दिव्यांच्या उष्णतेने चटई फुगून लाटा येतात. पुसायला फक्त ओलसर फडकं वापरा. फिनेलचा थर राहतो आणि पाय घसरतो.

आता नारळ. नटराजपूजन करायचंच, त्यावर वाद नाही. पण नारळ चटईवर फोडला तर पाणी सांध्यात जातं, कुंकवाचे डाग निघत नाहीत आणि तेलाचा एक थेंब पुढच्या दृश्यात कुणाचा तरी घोटा मुरगाळतो. पूजा पडद्यामागे किंवा रंगपटाच्या दाराशी करा. कथकच्या घुंगरांच्या कडा आणि लेझमीची टोकं व्हिनाइल कापतात, म्हणून इथल्या मंडळींचा भाग चटई काढून लाकडावर घ्या किंवा पुढे वेगळी पट्टी मोकळी ठेवा.

दिवे, वीज आणि विंगा

नाटकाला चेहरा दिसायला हवा, म्हणून आपले दिवे समोरून. नाचाला शरीराची घडण दिसायला हवी, म्हणून ते बाजूने. प्रत्येक बाजूला विंगांमध्ये चार उभे खांब, प्रत्येकावर तीन दिवे: नडगीच्या, कंबरेच्या आणि डोक्याच्या वर अशा उंचीला, साधारण १ फूट, साडेतीन फूट आणि ७ फूट. दोन्ही बाजू मिळून २४ दिवे. १००० वॅटचे जुने दिवे असतील तर २४ किलोवॅट, म्हणजे तीन फेजवर वाटून प्रत्येकी सुमारे ३५ अँपिअर. एवढा भार वायरिंग घेतं का, हे नाट्यगृहाच्या वायरमनला आधी विचारा. २०० वॅटचे एलईडी घेतले तर सगळं मिळून ५ किलोवॅटच्या आत बसतं. ध्वनीची यंत्रणा दिव्यांच्या डिमरपेक्षा वेगळ्या फेजवर टाका, नाहीतर शांत क्षणी स्पीकर गुणगुणतो. पाहुण्यांचं यंत्र जपानी किंवा अमेरिकी असेल तर ते १००-१२० व्होल्टचं असू शकतं. मागचा छापील पट्टा वाचल्याशिवाय आपल्या २३० मध्ये लावू नका.

खांबांच्या पायांना पांढरी टेप लावा, कारण नर्तक पूर्ण वेगात विंगेत शिरतो. बहुतेक अपघात इथेच होतात, आणि त्याला खांबांपेक्षा माणसंच जास्त कारण असतात. कार्यकर्ते, त्यांची मुलं, फोनवर चित्रीकरण करणारे मेहुणे. विंगेत प्रयोगाशी संबंध नसलेला एकही माणूस नको. दारावर एक खमक्या माणूस बसवा, अध्यक्षांना ‘नाही’ म्हणू शकणारा.

भाषा

नाटकाचे संवाद पडद्यावर मराठीत दाखवायचे तर एका वेळी दोन ओळी, एका ओळीत ३५ ते ४० अक्षरं. यापेक्षा जास्त लिहिलं की प्रेक्षक वाचतच बसतो, नट दिसत नाही. सगळं भाषांतर करू नका, जे हावभावातून कळतं ते गाळा. शक्यतो मूळ भाषेतून भाषांतर करणारा शोधा. इंग्रजीवरून करावं लागलं तर संघातल्या एकासोबत विनोद, शिव्या आणि नात्यांची संबोधनं तपासून घ्या. तिकडच्या एका शब्दातून काका, मामा की मावशीचा नवरा हे कळत नाही. प्रत्येक चौकटीला क्रमांक द्या. ती पुढे सरकवणाऱ्याने किमान दोन तालमी पाहिलेल्या असाव्यात. नट ओळ गाळतो तेव्हा संगणक जाणणारा गोंधळतो, नाटक जाणणारा सावरतो.

कार्यशाळेला दुभाषी म्हणून इंग्रजीचे प्राध्यापक नकोत, नाटक करणारी मुलं घ्या. ‘वजन सोड’ म्हणजे काय हे त्यांना अंगाने माहीत असतं. दुभाष्यासह बोलण्याला दुप्पट वेळ लागतो, तेव्हा दोन तासांच्या कार्यशाळेत एका तासाचंच काम योजा.

सहा दिवसांचा घाट

पहिला दिवस विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी काहीही शिकवायचं नाही, फक्त पाहायचं: जोडीदार गटाची तालीम, मिरजेतल्या तंबोरा-सतारीच्या कार्यशाळा, जमल्यास हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सकाळी पाहुणे शिकवतील, दुपारी इथले. हा क्रम मोडू देऊ नका. इथले लोक मागे सरतात आणि पाहुणेच दिवसभर शिकवत राहतात, असं हमखास होतं. पाचवा दिवस तांत्रिक तालमीचा, सहाव्याला दुपारी आणि रात्री प्रयोग.

समकालीन नृत्याच्या कार्यशाळेत जोडीने वजन देणं-घेणं असतं, म्हणजे स्पर्श आलाच. नावनोंदणीच्या कागदावरच हे मराठीत स्पष्ट लिहा. मुलींच्या पालकांना पहिला अर्धा तास बसायला बोलवा. कुणीही ‘नको’ म्हटलं तर भिंतीशी किंवा काठीशी तोच व्यायाम करता येईल, हे शिकवणाऱ्याला आधी सांगून ठेवा. सैल सुती पँट, अंगठ्या-साखळ्या काढलेल्या, नखं कापलेली. २० जण झाले की त्यावर एकही नाव नोंदवू नका.

एका पानाचा मराठी करारही याच दिवसांत करा. एकमेकांची पावलं, चाली, गाणी पुढे वापरली तर नाव कसं द्यायचं, चित्रीकरण कुठे दाखवायचं, पैसे आले तर वाटणी कशी. लोककलावंताला हा कागद वाचून दाखवा, नुसता सहीला पुढे करू नका.

ताट

सांगलीच्या स्वयंपाकात शेंगदाण्याचं कूट कशात नसतं? कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हा जिवाचा प्रश्न आहे. स्वयंपाक्याला ‘कूट कमी’ असं सांगून भागत नाही. वेगळं भांडं, वेगळं तेल, आणि भडंगाची पाकिटं खोलीबाहेर. गहू न चालणाऱ्यांना ज्वारीची भाकरी उत्तम, पण बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, त्यांच्या आमटीत हिंग नको. दूध वर्ज्य असणाऱ्यांना ‘फक्त वरून थोडं तूप’ही चालत नाही. प्रयोगाआधी तीन तास जेवण संपलेलं असावं: भात, उकडलेला बटाटा, केळी. झणझणीत रस्सा प्रयोगानंतर, आणि तोही विचारून. तालमीच्या दिवशी माणशी ४ लिटर बंद पाणी धरा.

प्रयोगाची संध्याकाळ

नर्तक प्रयोगाआधी अर्धा-पाऊण तास शरीर तापवतो. नेमकं त्याच वेळी आपण सत्कार सुरू करतो. पंचवीस मिनिटांची भाषणं होईपर्यंत स्नायू थंड पडतात आणि पहिल्या उडीला मांडी धरते. दीपप्रज्वलन बाहेरच्या दालनात प्रेक्षक येत असताना उरका, सत्कार प्रयोगानंतर. पाहुण्या मंत्र्यांनाही हे लागू.

तिसऱ्या घंटेआधीच्या घोषणेत सांगा: प्रयोग ५५ मिनिटांचा आहे, मध्यंतर नाही, चित्रीकरण नको, संपल्यावर दिवे लागतील. शेवटचं वाक्य अनावश्यक वाटतं, पण तीन अंकी नाटकाची सवय असलेला प्रेक्षक अंधार झाला की बटाटेवड्याला उठतो, किंवा संपलं तरी बसून राहतो आणि टाळ्या वाजतच नाहीत. पाहुण्यांना वाटतं आवडलं नाही. प्रयोगानंतर वीस मिनिटं थांबून चर्चा करा. ‘याचा अर्थ काय’ हा पहिला प्रश्न येणारच, तो जोडीदार गटातल्या एखाद्याने घ्यावा. त्याने कार्यशाळेत दोन दिवस तेच अंगावर घेतलेलं असतं.

नंतर

पाहुणे जाण्याआधी जोडीदाराच्या प्रयोगाची तारीख ठरवून नाट्यगृहाची पावती फाडा. उत्साह तीन आठवडे टिकतो, पावती टिकते. त्या प्रयोगाचं चित्रीकरण पाहुण्यांना पाठवा, आणि त्यांची दुरुस्ती आली तर गटाने ती मानलीच पाहिजे असं नाही.

प्लायवुड मोडीत काढू नका. उलगडताना प्रत्येक शीटला थर आणि जागेप्रमाणे क्रमांक घाला (खालचा १ ते २४, वरचा क पासून पुढे), स्क्रू डब्यात भरा, आणि शीट उभी न ठेवता ४ इंच उंच सोटांवर आडवी रचा, उभी ठेवलेली वाकतात. गोदाम नदीकडच्या भागात असेल तर पहिल्या मजल्यावर. फोमचे तुकडे चिकटलेलेच राहू द्या. क्रमांक नीट घातले असतील तर सहा माणसं पुढच्या वेळी ही जमीन एका सकाळीत अंथरतात.